बाभळीपर्यंत जाऊन येणाऱ्या बाई

सन एकोणीसशे चौऱ्याऐंशी. माझं वय तेव्हा बेचाळीस, आणि दोंडाईच्यापासून दोन कोसांवरच्या आमच्या गावात माझ्याइतकं गवत कुणालाच कळत नाही, अशी माझी खात्री होती. खात्री आजही आहे. फक्त तेव्हा मी त्या बाईंना मोजलं नव्हतं.

मी गावच्या कुरणाचा राखणदार. माझ्या आधी माझा बाप राखणदार. कुरण म्हणजे गावाच्या उत्तरेला उतारावर पसरलेलं गवताचं रान. आषाढात बंद व्हायचं, दसऱ्यानंतर सुटायचं, आणि मग पार उन्हाळ्यापर्यंत अख्ख्या गावची गुरं त्याच्यावर निघायची. मी शाळेत दुसरीपर्यंत गेलो. पुढे गेलो नाही, कारण मास्तरांनी सगळ्या वर्गासमोर उठाबशा काढायला सांगितल्या आणि मी काढल्या नाहीत. घरी आलो, बापाची काठी घेतली, कुरणात गेलो. गुडघे जाईपर्यंत तिथंच होतो.

ते कुरण आज जागेवर आहे. बाईंमुळे आहे. आणि एकदा त्याच्यावर नांगराखाली जायची वेळ आली, ती माझ्यामुळे. दोन्ही गोष्टी लिहून ठेवायच्या आहेत. पहिली लिहायला काही वाटत नाही. दुसरीला मी बरीच वर्षं लावली.

बाई धुळ्याच्या एका कॉलेजात झाडाझुडपांचा विषय शिकवायच्या. पन्नाशीच्या असतील. एसटीने दोंडाईच्याला उतरायच्या, स्टेशनाजवळच्या दुकानातून भाड्याची सायकल घ्यायच्या आणि ती हातात धरून दोन कोस चालत यायच्या. सायकलवर कधी बसल्या नाहीत. मागे कॅरिअरवर बांबूच्या खुंट्या, सुतळीचा गुंडा, लाकडी पट्टी, आणि प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेली वही. एकदा मी विचारलं, "बाई, सायकल येत नाही तर भाड्याने घेता कशाला?"

"मला सायकल येत नाही," बाई म्हणाल्या. "सायकलला ओझं घेता येतं. दोघींपैकी एकीला काहीतरी येतंय ना, मग झालं."

पहिल्या दिवशी मी त्यांना काठी आडवी धरूनच अडवलं होतं.

"कोठे चालनी बाई? कुरण बंद शे."

"माहीत आहे. म्हणून तर आले. गुरांनी खाल्लेलं कुरण बघून काय कळणार?" पंचायतीचा कागद त्यांनी पुढे केला. मी तो वाचल्यासारखा केला. मग त्यांनी विचारलं, "नाना ना तुम्ही? गावात सांगितलं, कुरणाचं काही विचारायचं तर नानांना विचारा. इथं गवताच्या जाती किती?"

"दोन," मी म्हणालो. "खायचं आणि निकामी."

मला वाटलं हसतील. त्यांनी खाली बसून वहीत लिहिलं. मग मान वर करून म्हणाल्या, "तुम्ही सांगितलं ते लिहिलं. पण निकामी हा शब्द माझ्यासमोर पुन्हा नको."

त्या दिवशी त्यांनी सहा जागी खुंट्या ठोकल्या आणि सुतळी बांधून सहा चौकटी केल्या. एकेक चौकट खाटेएवढी. पुढे दर महिन्याला यायच्या आणि चौकटीत काय काय उगवलंय ते मोजायच्या. कसं मोजायच्या ते सांगतो, कारण गावाने त्यांना वेडी ठरवलं ते त्यावरूनच. चौकटीपासून पाच पावलांवर चपला काढायच्या. उकिडव्या बसायच्या, पट्टीने एकेक काडी बाजूला करायच्या आणि मोठ्याने मोजायच्या. मध्येच आकडा चुकला, की जीभ चावायच्या, उठायच्या, आणि अनवाणी त्या उतारावरच्या एकट्या बाभळीपर्यंत चालत जायच्या. बाभळीला हात लावायच्या, परत यायच्या, पुन्हा पहिल्यापासून. बाभूळ काही जवळ नव्हती. मध्ये सराट्याचे काटे. एका दिवसात त्यांना तीनदा जाताना मी बघितलंय.

"कोण बघतंय बाई? अंदाजे लिहा की," मी म्हणायचो.

"मी बघतेय ना."

शेळ्या राखणारी आमच्याकडची एक अक्का होती, जिभेची तिखट. ती बांधावरून ओरडायची, "नाना, देख रे, तुनी बाई बाभयले नवस फेडाले चालनी!" बाई तिकडूनच हात हलवायच्या. आणि माझ्या घरची म्हणायची, "गवत मोजनारी बाई आनि गवत राखनारा नवरा. जोडी बरी शे." पण बाई आल्या की त्यांना ज्वारीची भाकर आणि मिरचीचा ठेचा तीच पाठवायची. बाई मोजणी संपेपर्यंत पाणीसुद्धा घेत नसत, म्हणून माझा डबा पण दुपारपर्यंत तसाच राहायचा. त्यांच्यासमोर बसून एकट्याने खाणं बरं दिसत नव्हतं.

बाईंचा एक शब्द होता, 'सध्या'. कुठल्याही गोष्टीला त्या तो चिकटवायच्या. गवत सुकलेलं दाखवलं की म्हणायच्या, "सध्या सुकलंय." नाला भरून वाहतोय म्हटलं की, "सध्या." एकदा माझ्या घरचीने विचारलं, लग्न का नाही केलं, तर तिथंही, "सध्या नाही केलं." पन्नाशीची बाई! घरची पदर तोंडाला लावून आत पळाली.

नावांचं तर सांगायलाच हवं. बाईंना प्रत्येक गवताचं पुस्तकातलं नाव माहीत होतं, बोलायला अर्धी भाकर खाण्याइतका वेळ लागेल असलं. पण वहीत त्या आधी माझ्याकडून नाव घ्यायच्या. "तुम्ही याला काय म्हणता?" मी सांगायचो, मारवेल, कुसळी, शेडा, रानमूग, तरवड. ते पहिलं लिहायच्या, मग त्यांचं इंग्रजी. काही गवतांना आमच्याकडे नावच नव्हतं. ते मी कबूल करणार नव्हतो, म्हणून एका बारीक गवताचं नाव मी जागच्या जागी 'मामाची मिशी' असं सांगून दिलं. पुढच्या महिन्यात त्यांनी अक्काला तेच गवत दाखवून विचारलं, तर ती म्हणाली तिला ठाऊक नाही. बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "नाव कधीपासून आहे?" मी म्हणालो, "मागच्या महिन्यापासून." त्यांनी तेही लिहिलं. त्यांच्या वहीत ते गवत शेवटपर्यंत मामाची मिशीच राहिलं.

दुसरीत शाळा सुटलेल्या माणसाला विचारून कुणी वहीत लिहितंय, हे तोवर माझ्या आयुष्यात झालं नव्हतं. त्या महिन्यापासून बाई यायच्या दिवशी मी धुतलेला सदरा घालायला लागलो. घरचीने ते ओळखलं आणि गावभर सांगितलं.

आता माझी गोष्ट.

आमच्या गावात कुरण सुटायच्या दिवशी पहिला भारा कापायचा मान राखणदाराचा असतो. तो भारा गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बैलाला घालतात. म्हाताऱ्या बैलाचं तोंड हुळहुळं असतं, म्हणून त्या भाऱ्यात निव्वळ मारवेल लागतं, मऊ आणि गोड. कुसळीचं एकही कुसळ चालत नाही. भाऱ्यात एक कुसळ निघालं तर राखणदाराची वर्षभर थट्टा होते. म्हणून प्रत्येक राखणदार पावसाळ्यात कुरणातली एक जागा निवडतो, खुरप्याने तिथलं बाकी सगळं उपटतो आणि नुसतं मारवेल वाढवतो. त्याला आमच्याकडे मानाची जागा म्हणतात. माझ्या बापाने कधी दुसऱ्या कुणासाठी मानाची जागा केली नाही. मी केली. बाईंसाठी.

भादव्यात बाई कॉलेजच्या कामात अडकल्या, महिना-दीड महिना आल्या नाहीत. मी त्यांच्या सहा चौकटींतली चढावरची चौकट धरली आणि पंधरा दिवस वाकून ती स्वच्छ केली. कुसळी काढली, तरवडाचं झुडूप मुळासकट काढलं, रानमुगाचे वेल ओढले, मामाची मिशीसुद्धा सोडली नाही. नुसतं हिरवंगार मारवेल राहिलं, नव्या नवरीच्या केसांसारखं विंचरलेलं. बाई आल्या तेव्हा मी सदरा घालून चौकटीशी उभाच होतो.

बाईंनी चपला काढल्या. बसल्या. पट्टीने काड्या बाजूला केल्या. "एक," म्हणाल्या. मग पट्टी चौकटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली. दुसरं काही नव्हतंच. मग उठल्या आणि बाभळीपर्यंत गेल्या. परत आल्या, पुन्हा गेल्या. आकडा तर चुकला नव्हता. मला वाटलं, आनंद झालेला माणूस असाही वागत असेल.

आल्या आणि म्हणाल्या, "कधी केलंत हे? तारीख सांगा."

"आवडलं का नाही ते सांगा आधी."

"नाना, तुम्ही माझी चौकट मारलीत."

मी पंधरा दिवस वाकलो होतो. माझी पाठ तेव्हाही दुखत होती. मी म्हणालो, "बाई, तुम्हाला गवतातलं कळत नाही. असं मारवेल धुळे जिल्ह्यात दाखवा. कुसळीने गुरांची तोंडं फाटतात, तरवडाला शेळी तोंड लावत नाही. त्या निकामी गोष्टी मोजत बसलात, मी त्या काढून दिल्या." मुद्दाम तोच शब्द वापरला.

दुसरं कुणी असतं तर भांडलं असतं किंवा रडलं असतं. बाई खाली बसल्या, वही उघडली. "चूक झालीय, ती झाली नाही असं मी म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "पण आता मागे फिरायचं नाही. ही चौकट तुमची. अशीच ठेवा, खुरपत राहा, दुसरं काही उगवू देऊ नका. बाकीच्या पाचांना हात लावायचा नाही. बघू."

"काय बघू?"

"तुमचं बरोबर आहे का माझं."

हे मला पटलं. आजवर मला कुणी पैज लावण्याच्या लायकीचा समजलं नव्हतं. लोक सरळ चूक ठरवायचे.

पुढच्या वर्षी पाऊस भरपूर झाला आणि माझी चौकट जिंकली. बाईंनी सगळ्या चौकटींतून हातभर हातभर गवत कापून तागडीत तोललं. माझं सगळ्यात जड. बाईंनी तागडी माझ्यासमोर धरली, वहीत लिहिलं आणि स्पष्ट म्हणाल्या, "नाना, तुम्ही जिंकलात." थोडं थांबून म्हणाल्या, "सध्या."

पण 'सध्या' ऐकायला मी थांबलोच नाही. गावभर सांगत सुटलो की कॉलेजातल्या बाई हरल्या. सरपंच, ज्यांना सगळे आबा म्हणायचे, त्यांनी ग्रामसभेत विचारलं तेव्हा मी उभा राहून छाती काढून सांगितलं की अख्खं कुरण नांगरा, बाकीचं रान मोडा, नुसतं मारवेल लावा. माझी चौकट डोळ्यांनी बघा. लोक येऊन बघून गेले. ठराव झाला, की पुढच्या पावसाळ्यात जमीन ओली झाली की दोंडाईच्याहून ट्रॅक्टर आणायचा.

बाईंना कळल्यावर त्या पुढच्या फेरीला माझ्या घरीच आल्या. ओट्यावर बसल्या. "नाना, तुमच्या घरात स्वयंपाक किती जणांना येतो?"

"एक. घरची."

"आणि ती आजारी पडली तर?"

"तर उपास."

आतून घरची म्हणाली, "मंग शिकाडा ना बाई त्यासले!"

बाई हसल्या. मग म्हणाल्या, "तुमच्या कुरणात आज तीस-एक जणांना स्वयंपाक येतो, नाना. पाऊस पडला की मारवेल रांधतं, तोपर्यंत बाकीचे नुसते बसलेले दिसतात. पाऊस गेला की दुसरं कुणीतरी उठतं. कोण उठेल ते मला आज सांगता येत नाही. म्हणून कुणालाच घराबाहेर काढू नका. निदान दोन वर्षं थांबा."

मी म्हणालो, "शब्द दिला गेला आता. मी मागे घेत नसतो." आणि मी घेत नव्हतोच. मास्तरांना विचारा.

थांबवलं ते पावसाने. त्या साली ढग आले आणि गेले. जमीन ओलीच झाली नाही, ट्रॅक्टर आलाच नाही. पुढच्या साली तेच. विहिरीवर बायांची रांग पहाटेपासून लागायची.

पहिल्या वर्षी माझी चौकट पिवळी पडली. दुसऱ्या वर्षी मारवेलाचे ठोंब मधून मोकळे व्हायला लागले, मधली माती भाजून निघाली, वाऱ्याने उडाली, मुंग्यांनी वारुळं केली. बाकीच्या पाच चौकटी हिरव्या होत्या असं मी म्हणणार नाही. तिथंही मारवेल दिसेनासं झालं होतं. पण जमीन झाकलेली होती. कुसळी वाळून उभी होती, तरवडाला त्या उन्हात पिवळी फुलं आली होती आणि त्याच्या सावलीत रानमुगाचा वेल जिवंत होता. गावची गुरं ते दोन उन्हाळे त्या कुसळीवर आणि वाळक्या वेलांवर निघाली. कुसळी काठीने झोडपून, कुसळं झटकून बैलाला घालायला मला माझ्या घरचीने शिकवलं.

आणि आता सांगतो ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. त्या दुसऱ्या उन्हाळ्यात मी माझ्या चौकटीला पाणी घातलं. विहिरीवर माणसांना पाणी नव्हतं आणि मी घरातला हंडा पदराखाली लपवावा तसा उपरण्याखाली लपवून कुरणात न्यायचो. बाई त्या महिन्यात आल्या, चपला काढल्या, बसल्या, मातीला बोट लावलं.

"पाणी घातलंत?"

"कोण म्हणतं?"

"माती म्हणते. किती हंडे?"

"दोन."

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "नाना, तुमचा राग, माझा राग, ते आपण नंतर बघू. आकडा खोटा सांगू नका. माझी वही खराब होते."

"अकरा," मी म्हणालो.

त्यांनी लिहिलं, अकरा हंडे. मग म्हणाल्या, "घरी पाणी आहे?" मी मान हलवली, नाही म्हणून. त्यांनी त्यांची पाण्याची बाटली काढली, जी त्या मोजणी संपेपर्यंत कधी उघडत नसत, आणि मला दिली. माझ्याच्याने घेववेना. "प्या," म्हणाल्या, "हे मी लिहिणार नाही."

त्यानंतर मी पाणी घातलं नाही.

इथं जरा पुढचं सांगून घेतो, नाहीतर राहील. बाई नोकरीतून सुटल्यावर जळगावला भावाकडे राहायला गेल्या. तिकडून दर दिवाळीला मला एक पोस्टकार्ड यायचं. त्यावर एकच शब्द, किती? बाकी पत्ता. तब्येत नाही, आशीर्वाद नाही. मीही तसंच उत्तर पाठवायचो, सहा आकडे. सुरुवातीला अख्खं कार्डच दुसऱ्याकडून लिहून घ्यायचो, पत्त्याबरोबर आकडेही. मग एकदा त्याने सात लिहायचा तिथं एक लिहिला, आणि बाईंचं उलट टपाली कार्ड आलं, "तिसऱ्या चौकटीत काय झालं?" तेव्हापासून मी स्वतः लिहायला बसलो. दुसरीनंतर अक्षरं गिरवली ती त्या कार्डांसाठी, पंचेचाळिशी उलटल्यावर. आज हे लिहितोय ते त्याच हाताने. शहाण्णव सालच्या दिवाळीनंतर कार्ड आलं नाही. मी मात्र पुढच्या साली आणि त्याच्याही पुढच्या साली आकडे पाठवले. परत आले नाहीत, म्हणजे कुणीतरी ठेवून घेत असेल.

आता ती सभा.

तिसऱ्या वर्षी पाऊस आला. फार नाही, पण आला. पंधरा-वीस दिवसांत पाच चौकटी हिरव्या झाल्या, आणि मी उकिडवा बसून बघितलं तर तरवडाच्या बुडाशी, सावलीत, मारवेल. वाळून गेलं म्हणून मी ज्याला सोडून दिलं होतं ते. माझ्या चौकटीत मारवेलाचा एकही ठोंब फुटला नव्हता. सराटा उगवला होता, बाकी माती.

जमीन ओली झाली म्हणजे ट्रॅक्टरची वेळ झाली. आबांनी दोंडाईच्याला निरोप पाठवला. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॅक्टर यायचा, म्हणून आदल्या संध्याकाळी पारावर सभा. बाई त्या दिवशी मोजणीला आलेल्याच होत्या. मी त्यांना म्हणालो, "बाई, तुम्ही सांगा सभेत. वही आहे तुमच्याकडे."

"मी बाहेरची. माझं ऐकायचं असतं तर तेव्हाच ऐकलं असतं," त्या म्हणाल्या. "ठराव तुमच्या चौकटीवर झालाय. चौकट तुमची."

"आणि मी नाही बोललो तर?"

"तर उद्या नांगरतील." त्यांनी सुतळी गुंडाळली. "मी तुम्हाला आग्रह करणार नाही, नाना. आग्रहाने बोललेलं टिकत नाही."

मी सभेला गेलो. जाताना कुरणातून दोन ढेकळं खणून उपरण्यात बांधून नेली, एक माझ्या चौकटीतलं, एक कडेच्या रानातलं. गाव जमलं होतं. आबा म्हणाले, "सकाळी ट्रॅक्टर येतोय. दोन वर्षं राहिलेलं काम. नाना, तूच सांगितलं होतंस. उतारावरून सुरू करायचं का नाल्याकडून?"

मी उभा राहिलो. चाळीस वर्षांपूर्वी त्या वर्गात उभा होतो तसा. तेव्हा मी न बोलता निघून गेलो होतो, आणि सगळ्या गावाला ते ठाऊक होतं. बाई मागे, शेळ्यांच्या अक्काशेजारी, जमिनीवर बसल्या होत्या. माझ्याकडे बघतही नव्हत्या.

अक्काच बोलली. "बोल ना रे नाना. जीभ काय कुरनमां टाकी उना का?"

लोक हसले. मी म्हणालो, "मी चुकनू."

"काय?" आबांनी कानाला हात लावला. "ऐकू नाही आलं."

आबांना ऐकू आलं होतं. मी ओळखून होतो. तरी पुन्हा म्हणालो, मोठ्याने, "मी चुकनू! कुरण नांगरू नका."

मग उपरणं सोडलं. माझ्या चौकटीतलं ढेकूळ आबांच्या हातात दिलं, तर ते त्यांच्या बोटांतून पिठासारखं गळालं. दुसरं दिलं. ते मुळ्यांनी असं विणलेलं होतं की आबांनी दोन्ही हातांनी ओढलं तरी तुटेना. मी म्हणालो, "मी जे उपटलं त्याने हे धरलेलं आहे. दोन वर्षं तुमची गुरं काय खाऊन जगली ते आठवा. कुसळी. तिला मी निकामी म्हणालो होतो. माझ्या चौकटीत आज म्हाताऱ्या बैलाला एक घास नाही. अख्खं कुरण माझ्या चौकटीसारखं केलं असतं तर गोठे रिकामे झाले असते."

मी खाली बसलो नाही, कारण बसलो असतो तर उठता आलं नसतं. आबांनी ते मुळ्यांचं ढेकूळ उलटंसुलटं बघितलं. मग मागे बघून विचारलं, "बाई, तुम्ही काय म्हणता?"

बाई उभ्या राहिल्या. "नानांचं बरोबर आहे," म्हणाल्या. मग, सवयच ती, "सध्या."

सगळा पार हसला. आबा हसले, मीही हसलो. आबा म्हणाले, "ट्रॅक्टर तर सांगून ठेवला. येऊ दे, माझंच वावर नांगरतो." सभा तिथंच उठली. ठराव मोडला.

बाईंना शेवटची गाडी गाठायची होती. सायकलचं हँडल धरून मी त्यांच्याबरोबर गावाबाहेरच्या नाल्यापर्यंत गेलो. मी म्हणालो, "बाई, माझ्या चौकटीत उद्याच बी टाकतो. कुसळीचं, रानमुगाचं, सगळ्याचं. मामाच्या मिशीचं पण."

"अजिबात नाही. हात लावायचा नाही, खुरपायचंही नाही. आपलं आपण काय परत येतं, किती वर्षांनी येतं, ते बघायचंय." त्यांनी कॅरिअरवरची वही काढली, आणि पेन्सिल. "मला दोन महिने येता येणार नाही, पेपर तपासायचे आहेत. मोजणार कोण?"

मी म्हणालो, "मला आकडे येतात. अक्षरं फारशी येत नाहीत."

"आकडेच पाहिजेत," बाई म्हणाल्या, वही माझ्या हातात ठेवली आणि सायकल घेऊन चालू लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खुरपं घरीच ठेवलं. कुरणात गेलो, पाच पावलं आधी चपला काढल्या आणि कडेच्या चौकटीशी उकिडवा बसून मोजायला लागलो. अकरावर गेलो आणि चुकलो. आजूबाजूला कुणी नव्हतं. मी उठलो, सराट्यांतून बाभळीपर्यंत गेलो, तिला हात लावला, परत आलो आणि पुन्हा एकपासून सुरू केलं.